डावीकडे, बेंबीच्या खाली

माणसाला पोट असतं हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या पोटाला डावा खालचा कोपरा असतो, आणि त्या कोपऱ्यावर आपल्या घरातल्या एका मुलीचं सगळं पुढचं आयुष्य अडून बसू शकतं, हे कळायला मला रिटायर व्हावं लागलं.

ही मुलगी म्हणजे आमची सूनबाई. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत लेखीला तिला इतके मार्क पडले, की जिन्यात भेटेल त्याला मी ते सांगत सुटलो होतो. आणि प्रात्यक्षिकात ती नापास झाली. तिच्यापुढे पेशंट म्हणून आले होते एक भारदस्त, पांढऱ्या मिशांचे आजोबा. रोग होता डायव्हर्टिक्युलायटिस. मोठ्या आतड्याच्या भिंतीला वयोमानानं बारीक बारीक पिशव्या येतात, त्यातली एखादी सुजली की पोटात डावीकडे खाली दुखायला लागतं, ताप येतो, आणि शौचाचं वेळापत्रक कोलमडतं. सूनबाईला झोपेतून उठवून विचारलं तरी हे सगळं पाठ. पण समोर बसलेला माणूस सासऱ्याच्या वयाचा. त्याला तोंडावर 'शौचाला कसं होतं' असं कसं विचारायचं? तिनं नाव विचारलं, वय विचारलं, मुलं किती ते विचारलं, आणि थांबली. परीक्षक म्हणाले, "बाई, तुम्ही रोगी तपासायला आलात की स्थळ बघायला?"

घरी आल्यावर ती आमच्या हिला म्हणाली, "आई, आता एकदाच बसते. या खेपेला नाही जमलं तर डॉक्टरकी सोडून देते." ती उगाच काहीतरी बोलणाऱ्यातली नाही. शेजारच्या खोलीत मी ते ऐकलं. मी बाहेर येऊन जाहीर केलं, "सूनबाई, मी होतो तुझा पेशंट. विचार मला काय विचारायचं ते."

आमचे चिरंजीव नोकरीसाठी परगावी असतात. ते फोनवर म्हणाले, "बाबा, तुम्हाला जमेल का हे?" आता, ज्या माणसानं विमा कचेरीत दाव्यांच्या टेबलावर उभी हयात काढली, लोकांची दुखणी वाचून वाचून ज्याचे चष्म्याचे नंबर बदलले, त्याला हा प्रश्न! मी फोन हिच्याकडे दिला.

पहिली तालीम बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झाली. मी धुतलेला शर्ट घालून, भांग पाडून आडवा झालो. ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, दुखणाईत माणूस भांग पाडून झोपतो होय?" म्हणून केस विस्कटले. सूनबाई गळ्यात स्टेथोस्कोप घालून माझ्या उजव्या हाताला उभी राहिली. पेशंटला उजव्या बाजूनंच तपासायचं असतं म्हणे, मग दुखणं डावीकडे का असेना.

"बाबा, काय त्रास होतोय?"

"पोटात दुखतंय."

"बरं. आणि... म्हणजे... सकाळी उठल्यावर..."

"उठल्यावर पेपर वाचतो."

"नाही, त्यानंतर."

"त्यानंतर चहा."

"चहाच्या नंतर हो, बाबा!" एवढं बोलून ती लालबुंद झाली आणि आत पळाली. मीही उठून गॅलरीत जाऊन समोरच्या भिंतीकडे बघत उभा राहिलो. चहानंतर मी कुठे जातो हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते ठाऊक नसल्यासारखं वागण्यावरच आमचं घर उभं आहे.

मग मी ठरवलं, तिनं विचारायचीच वेळ येऊ द्यायची नाही. तिचं जाडजूड पुस्तक घेऊन बसलो आणि दुसऱ्या तालमीला दिवाणावर पाठ टेकताच सुरू झालो. "तीन दिवस झाले, डावीकडे बेंबीच्या खाली सारखं दुखतंय. अंगात ताप आहे. मळमळतंय. पोट साफ होत नाही. लघवीला सारखं जावं लागतं. पूर्वीही एकदा असंच झालं होतं." एका दमात सगळं सांगून मी डोळे मिटले आणि शाबासकीची वाट बघत राहिलो.

सूनबाई म्हणाली, "बाबा, असा पेशंट जगात नसतो."

"का? काय राहिलं?"

"राहिलं काहीच नाही. तेच तर!"

मला राग आला. तिच्यासाठी मी म्हातारपणी आतडी पाठ करावीत आणि तिनं नावं ठेवावीत? मी हिच्याकडे बघितलं. नवऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर बाजूलाच राहिलं, ही म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. परवा तुमची दाढ दुखत होती, गाल एवढा सुजला होता, तेव्हा काय म्हणालात? 'काही नाही, उशी कडक होती.' तसले पेशंट व्हा ना. नाटकसुद्धा करावं लागणार नाही."

झालं. त्या दिवसापासून मी आडमुठा पेशंट झालो. काहीही विचारा, उत्तर 'काही नाही'. फक्त डावा कोपरा दाबला की पोट कडक करून विव्हळायचं, एवढी परवानगी मला होती. आणि विव्हळण्यात मी, स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण लवकरच निष्णात झालो.

दुर्दैवानं आमच्या इमारतीच्या भिंती विव्हळणं अडवण्याच्या दृष्टीनं बांधलेल्या नाहीत. पहिल्यांदा वरच्या मजल्यावरच्या मावशी एरंडेलाची बाटली घेऊन आल्या. मी म्हणालो, "मावशी, मला काही झालेलं नाही, सुनेचा अभ्यास चाललाय." त्यांनी हिच्याकडे बघून मान हलवली. "असंच म्हणतात गं बायका-पोरांना घोर लागू नये म्हणून. आमचे हेही असंच म्हणायचे." नंतर सोसायटीचे सेक्रेटरी आले. पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारून हळूच म्हणाले, "ते फ्लॅटच्या वारसाचं नाव लावायचं राहिलंय तुमचं. घाई नाही हं. पण माणूस शुद्धीवर असताना सही झालेली बरी." मी हातीपायी धडधाकट त्यांच्यासमोर बसलो होतो. मी जितकं जास्त ओरडून सांगावं की मी ठणठणीत आहे, तितका त्यांचा चेहरा जास्त कनवाळू होत गेला.

खालच्या मजल्यावरचे वकील गरम पाण्याची पिशवी घेऊन आले, तेव्हा आमची तालीम ऐन रंगात होती. मी सतरा वेळा 'काही नाही' म्हणून सूनबाईला रडकुंडीला आणलं होतं. वकील खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "डॉक्टर लोकांवर फार विश्वास ठेवू नका हो. पोटाचं दुखणं हे पोटालाच कळतं." त्यासरशी सूनबाई गर्रकन वळली. माझ्यावरचा सगळा वैताग तिच्या आवाजात होता. "काका, तुम्हाला शौचाला कसं होतं?"

वकील हा माणूस कोर्टात साक्षीदारांना रडवणारा. त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मुली, इतकी वर्षं झाली, मला हे कुणी विचारलंच नाही गं."

आणि मग ते जे सुरू झाले! कॉलेजच्या दिवसांपासूनचा सगळा इतिहास, पुराव्यांसकट. हिनं दोनदा चहा केला. सूनबाई मधूनमधून एखादा नेमका प्रश्न घालायची. रंग कसा, त्रास कधी, कशानं वाढतो, वजन उतरलंय का. जाताना वकिलांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं काही त्यांनी एखादा मोठा खटला जिंकला. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, एरंडेल न घेता. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी. आठवड्याभरात आमच्या बाहेरच्या खोलीत संध्याकाळी खुर्च्या कमी पडायला लागल्या, आणि मला, मूळच्या पेशंटला, दिवाणावरून उठून स्टुलावर बसायची पाळी आली.

पण त्या स्टुलावर बसून मी जे बघितलं ते सांगायलाच हवं. ही मुलगी विचारताना आवाज चोरत नव्हती, आणि वाढवतही नव्हती. माणसाच्या तोंडाकडे बघून विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची. ज्या गोष्टी लोक बायकोपासून, नवऱ्यापासून लपवतात, त्या तिच्यापुढे लोक सहज ठेवत होते. आणि सांगून झाल्यावर कुणाचीही मान खाली गेलेली मी बघितली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला. तसं मी बोलून दाखवलं नाही, कारण मला ते जमत नाही.

आता मी इथेच थांबायला हवं होतं. पण सूनबाईच्या कॉलेजात, खालच्या वर्गातल्या मुलांच्या सरावासाठी नाटकी पेशंट हवे आहेत असं कळलं आणि माझ्यातला कलावंत जागा झाला. मी कॉलेजच्या कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, "तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला आणा."

"अहो, पेशंट व्हायचंय मला."

"म्हणूनच. आजारी माणूस पेशंट म्हणून चालत नाही."

दाव्यांच्या टेबलावर वाढलेल्या माणसाला हा नियम लगेच पटला. मी दाखला आणायला कॉलेजच्याच इस्पितळात तपासणीच्या खोलीत गेलो. तिथे एक पोरसवदा डॉक्टर बसला होता. कालपासून झोपला नसावा बिचारा. मान वर न करता म्हणाला, "काय त्रास होतोय?"

मी म्हणालो, "काही नाही."

मी खरं तेच सांगत होतो. पण महिनाभराच्या सवयीनं ते 'काही नाही' माझ्या तोंडून अशा काही सुरात निघालं, की त्यानं मान वर केली. मला आडवं पाडलं. पोट चाचपत चाचपत त्याचा हात डाव्या कोपऱ्यावर आला, आणि माझं पोट, मला न विचारता, फळीसारखं कडक झालं. वर मी विव्हळलोही.

"इथे दुखतं?"

"काही नाही हो!"

"किती दिवस अंगावर काढताय, आजोबा?"

आजोबा! मी त्या शब्दाचा निषेध करणार, तेवढ्यात माझ्या हातात सलाइनची सुई गेली होती. मला चाकांच्या खाटेवर चढवलं. दुसरा एक डॉक्टर आला. दोघांचं माझ्या पायथ्याशी बोलणं सुरू झालं. दुसरा म्हणाला, "खालून दुर्बीण घालून बघू या का लगेच?" मी ताडकन उठून बसलो.

"आत्ता दुर्बीण? सूज असताना? आतड्याला भोक पडेल! आधी सीटी स्कॅन करतात!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. "तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"म्हणजे पेशंट."

"तोही नाही."

"मग तुम्ही आहात तरी कोण?"

"सासरा," मी म्हणालो.

सूनबाईला बोलावणं गेलं. तिनं मला सोडवलं, दाखला मिळवून दिला आणि माझ्यापुढे चालायला लागली. तिचे खांदे हलत होते. लाजेनं रडतेय की काय म्हणून मी घाईघाईनं पुढे होऊन बघितलं, तर ती भिंतीला धरून हसत होती. मी घरापर्यंत तिच्याशी बोललो नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती आम्हा दोघांच्या पाया पडून निघाली. ही म्हणाली, "जे येतं ते बोल, बाकी बघू." त्याच दिवशी मलाही खालच्या वर्गाच्या सरावासाठी बोलावलं होतं. मी कॉलेजात पोचलो तर एक धिप्पाड मेट्रन दारातच उभी. "अंतिम परीक्षेचे दोन पेशंट आलेच नाहीत. तुम्ही इकडे चला."

"अहो बाई, तिकडे माझी सून..."

"पेशंटनं मधे बोलायचं नाही."

माझी विजार काढून घेण्यात आली. त्याऐवजी मला पाठीमागे नाड्या असलेला एक झगा मिळाला. पाठीमागे नुसत्या नाड्याच होत्या, कापड नव्हतं. लांबच लांब वॉर्डात पडदे लावून खोल्या केल्या होत्या. एका कॉटवर मला निजवलं. आणि थोड्या वेळानं पडदा सरकला, तर समोर स्थळवाले परीक्षक आणि त्यांच्यामागे सूनबाई.

"हा तुमचा रोगी. करा सुरुवात."

तिनं मला बघितलं. मी डोळे मिटून घेतले. मनात म्हटलं, देव पावला! हे पोट तिला स्वयंपाकघरातल्या फळीपेक्षा जास्त पाठ आहे. इथे कुणाला काही माहीत नाही. फक्त विचार, पोरी, पटापट विचार आणि मोकळी हो.

"सर, हे माझे सासरे आहेत," सूनबाई म्हणाली. "यांना तपासून मी परीक्षा देणार नाही. मला दुसरा पेशंट द्या."

परीक्षकांनी भुवया उंचावल्या. "पलीकडच्या कॉटवर आहेत एक. पण ते नाटकातले नाहीत, खरे पेशंट आहेत. सकाळपासून कुणाशी धड बोललेले नाहीत. चालेल?"

"चालेल, सर."

पडदा पडला. मला असा संताप आला म्हणून सांगू! कशाला हा शहाणपणा? आयतं ताट समोर आलं होतं. पण संतापाच्या पोटातच कुठेतरी छाती भरूनही येत होती, आणि दोन्हींचं काय करावं ते कळेना. पडद्याला कान लावून मी श्वास रोखून पडून राहिलो.

"आजोबा, काय त्रास होतोय?"

"लघवीला जळजळ," घोगरा आवाज आला. "सांगितलंय सगळ्यांना."

"आणखी काही?"

"काही नाही."

मी ओळखलं, हा आमच्याच पंथातला. सूनबाईनंही ओळखलं असणार, कारण ती ढिम्म हलली नाही. तिनं थेट विचारलं, "शौचाला कसं होतं?"

"होतं की."

"रोज?"

"कधी होतं, कधी नाही."

"पोटात दुखलं होतं का मधे?"

"दुखलं होतं. डावीकडे. तापही होता. गेलं आपोआप."

"जळजळ त्यानंतर सुरू झाली?"

"हं."

मग ती थांबली. इतका वेळ थांबली, की मी पडद्याला आणखी चिकटलो. आणि मग तिनं एक प्रश्न विचारला जो आमच्या तालमीत कधीच नव्हता, कुठल्याही संध्याकाळी कुणालाही तिनं विचारला नव्हता. "आजोबा, लघवी करताना बुडबुडे येतात का? हवा गेल्यासारखी वाटते का?"

मेलो, मी म्हटलं. पोरगी घाबरली. लघवीतून कधी हवा येते का? वरचं खाली, खालचं वर झालं सगळं तिच्या डोक्यात. मी चादरीचं टोक दातात धरलं, कारण माझं तोंड उघडलं तर काय निघेल याची मला खात्री नव्हती.

बऱ्याच वेळानं तो घोगरा आवाज आला, पण आता फार बारीक होऊन. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. होतं असं कधी कधी."

"बाई गं, मी बायकोलासुद्धा बोललो नाही. म्हटलं, या वयात हे काय भलतंच, लोक हसतील."

"यात हसण्यासारखं काही नाही, आजोबा. तुमचं आतडं आजारी आहे. हात लावून बघू का पोटाला? दुखलं तर सांगा, लगेच थांबेन."

मग ती परीक्षकांशी बोलली. आतड्याची सुजलेली पिशवी लघवीच्या पिशवीला चिकटून दोघींच्या मधे वाट पडली आहे, त्या वाटेनं आतड्यातली हवा आणि घाण लघवीत उतरते, म्हणून जळजळ औषधानं जाते आणि परत येते. सीटी स्कॅन केला तर लघवीच्या पिशवीत हवा दिसेल.

"दुर्बीण?"

"सूज असताना नाही, सर, आतडं फुटायची भीती असते. सूज ओसरली की काही आठवड्यांनी मात्र घालायचीच. मुळाशी कॅन्सर नाही ना, हे बघितल्याशिवाय सोडायचं नाही."

"सीटीत हवा आहे," परीक्षक हळू आवाजात म्हणाले. "पण यांनी हे आम्हालाही सांगितलं नव्हतं. सकाळपासून सगळे विद्यार्थी यांना जळजळीचं औषध लिहून देऊन गेले." मग ते म्हणाले, "या तुम्ही, डॉक्टर."

तिची पावलं निघाली आणि थबकली. म्हातारा विचारत होता, "बरा होईन ना गं मी?"

"ऑपरेशन लागेल बहुतेक. पण बरे व्हाल, आजोबा."

पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहून कानांत शिरत होतं. पडदा सरकला आणि एक उंच, भेदरलेला विद्यार्थी आत आला. "काका, काय त्रास होतोय?"

मी बोलायला तोंड उघडलं. शब्द फुटेना. 'काही नाही' एवढेही दोन शब्द फुटेनात. त्यानं पोटाला हात लावला, तर माझं सबंध पोट हुंदक्यांनी गदगद हलत होतं. पोरगा पांढराफटक पडला.

"सर! सर, लवकर या! पेशंटला असह्य वेदना होतायत, बोलतासुद्धा येत नाहीये!"

परीक्षक आले. त्यांनी माझी नाडी धरली, माझ्या तोंडाकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि मग हलकेच माझी चादर गळ्यापर्यंत ओढून दिली.

"यांना काही झालेलं नाही," ते त्या मुलाला म्हणाले. "यांची सून पास झाली आहे."